कागदाचं टोपलं

धरणगावच्या जिनात यंत्रं उतरली त्या वर्षी
पेट्यांबरोबर एक माणूसही उतरला.
पेट्यांवर नंबर होते, त्याच्यावर नव्हता.
नाव एमस किट्रिज. गावाने दोन दिवसांत
त्याचा कितराजसाहेब केला, आणि तो
त्या नावाला ओ देऊ लागला,
जुनं कुठे गहाण पडल्यासारखा.

पडलंच होतं. फिलाडेल्फियात तो
पानाला एक डॉलर दराने गोष्टी लिहायचा,
तीन संपादकांशी भांडला, चौथ्याची उचल बुडवली,
बायको एकोणिसाव्या वर्षी खोकत गेली.
हे आमच्या खापरपणजोबाला, सुपडू लोहाराला,
त्यानेच सांगितलं, अर्धं हिंदुस्थानीत, अर्धं बोटांनी,
कलालाच्या दुकानामागे, मोहाच्या दारूवर.

तिकडे लढाई, तिकडचा कापूस बंदरात अडकलेला,
म्हणून इकडच्या काळ्या रानाला भाव.
बैलांच्या शिंगांना चांदी लागली.
साहेब पगार झाला की कागद आणवायचा
आणि उरलेल्यात प्यायचा.
कधी उलटं करायचा.

रात्री करडईच्या तेलाचा दिवा,
सुपडू उंबऱ्यात, यंत्राचे दाते घासत.
"काय लिखी ऱ्हायनात, साहेब?"
मेलेली बायको दार वाजवते, अशी गोष्ट.
सुपडू हसला. आमच्याकडे मेलेलं माणूस
दार वाजवत नाही, त्याला घर ठाऊक असतं.
दहाव्या रात्री ते पिठावरून चालून जातं,
पणतीशेजारून, टोपल्याखालून,
सकाळी उचलून बघायचं:
पाखराचं पाऊल, मुंग्यांची रांग,
की काहीच नाही.
साहेबाने लेखणी ठेवली.
त्या रात्री दारू मागितली नाही.
दुसऱ्या रात्री दुप्पट मागितली.

एकदा विचारलं, सुपडू म्हणजे काय रे?
आधीची तीन गेली, साहेब, म्हणून मला
जन्मल्या जन्मल्या सुपात घालून ओढलं,
यमाला वाटावं, कोंडा आहे.
साहेब बराच वेळ सुपाकडे बघत राहिला.

पाकिटं जायची, सात महिन्यांनी परत यायची,
शिक्क्यांनी जाड होऊन.
एक गोष्ट छापून आली तेव्हा
खाली नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.
त्या दुपारी तो जिनाच्या छपरावर चढला
आणि उडी टाकली, ती सरकीच्या ढिगात.
सरकी मरू देत नाही.
तीन दिवस दाढीतून बिया निघत होत्या,
आणि पोरं त्या मोजत होती.

लढाई संपली, भाव बसला.
चैत्रात तो गेला. तापाने, असं गाव म्हणतं;
कलाल म्हणायचा, उधारी ठेवून.
कंपनीने यंत्रांची यादी केली,
तीत तो नव्हता. पेटीभर कागदही नव्हते.

ते चिंधाबाईने, सुपडूच्या बायकोने,
रांजणात भिजवले, मेथी घातली,
उखळात कुटले, पालथ्या घड्यावर थापले.
मनात काही वाईट नव्हतं.
कागद जाड होता, आणि घरात टोपलं नव्हतं.
शाई सुटून लगदा राखाडी झाला,
ढगाळ दिवसासारखा, एवढंच ती सांगायची.

माझे वडील भुसावळला, रेल्वे क्वार्टरात गेले.
दहाव्या रात्री आईने माळ्यावरून तेच काढलं.
सकाळी पिठावर काय होतं
यावर आमची भांडणं झाली:
भाऊ म्हणाला उंदीर, आई काही बोललीच नाही.
मी टोपलं उलटं धरून बसले होते.
आतल्या कडेला, जिथे चिंधाबाईचा हात
नीट फिरला नसावा,
नखाएवढा न कुटलेला तुकडा,
त्यावर एक शब्द, लिहून खोडलेला.
भिंगातूनही लागला नाही.
खोडल्याची रेघ मात्र ठळक,
काल मारल्यासारखी.

टोपलं आता माझ्याकडे असतं.
लसूण ठेवते त्यात.