अनामत

जेलरोडला, पिठाच्या गिरणीमागं आमची खोली आहे.
पाटीवर: रुग्णोपयोगी साहित्य मिळेल.
त्याखाली खडूनं जेवणाची वेळ,
जी कुणाचं दुखणं पाळत नाही, म्हणून मीही नाही.

आत कुबड्या, वॉकर, कमोडची खुर्ची,
चार एअरबेड, त्यातला एक रात्रीतून बसतो,
आणि लोखंडी पलंग, क्रमांक सात.
त्याचं हँडल फिरवलं की
गिरणीवाला पलीकडून ओरडतो, "कोण आजारी?"
जसं काही नाव सांगितलं की त्याला कळणारच आहे.
खरं तर कळतं.
महिनाभर मग त्या घरचं दळण तो फुकट दळतो,
आणि विचारलं तर म्हणतो, पट्टा तपासत होतो.

मी नोटांच्या प्रेसमधला. एकतीस वर्षं
कोऱ्या नोटांत डाग शोधले.
दिवसाला लाखो हाताखालून जायचे
आणि घरी येताना बसला सुटे नसायचे.
आता पाचशेची एक नोट घेतो, अनामत.
पाकिटात घालून वर नाव, वस्तू, तारीख.
वस्तू आली की तीच नोट परत, बदली नाही.
समितीतले हसतात. हसू देत.
माणूस आपलं ठेवलेलं ओळखतो.

पण सगळेच न्यायला येत नाहीत.
बरा झालेला येतो, पेढे घेऊन, घाईत.
दुसरे लोक वस्तू दारात ठेवतात,
पुसून, कधी फिनेलचा वास येईल इतकी धुऊन,
आणि मी वही उघडेपर्यंत कोपऱ्यावर वळलेले असतात.
त्यांची पाकिटं खालच्या खणात.

त्या नोव्हेंबरात, रात्री आठला टीव्हीवर
पाचशेच्या नोटा मेल्या तेव्हा
खणात नऊ होत्या.
बँकेच्या रांगेत उभाही राहिलो त्या घेऊन,
पाकिटं फोडायची वेळ आली तसा परत फिरलो.
हिशेबाला खिशातून भरले.
बायको दोन दिवस बोलली नाही.

काल दुपारी एक बाई आली.
"ऑपरेशन योजनेत झालं, सिव्हिलला," म्हणाली. "खुबा. आईचा.
कार्ड, दाखला, अंगठा, सगळं लागलं, सगळं दिलं.
पण वॉकर योजनेत बसत नाही."
द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. हंगाम संपलाय.
बोटांवर कात्रीच्या खुणा अजून ओल्या.
रुमालाची गाठ सोडली: दोनशे ऐंशी.
"बाकीचे शनिवारी."

नाव विचारलं. ज्योत्स्ना भोर.
माहेरचं?
लहामगे.
पेन थांबलं.

ताराचंद लहामगे, स्टेशनवरचा हमाल,
एअरबेड, बावीस दिवस.
मुलीनं एकटीनं परत आणलेला,
सायकलच्या कॅरिअरला बांधून,
आणि सायकल स्टँडवर न लावताच गेलेली.

खालच्या खणातून पाकीट काढलं.
डिंक सुकलेला, आपणहून सुटला.
नोट उजेडात धरली. सवय.
डाग नव्हता.

ती बघत राहिली.
"ही आता कुठं चालते, काका?"

"इथं," मी म्हणालो,
आणि वहीत लिहिलं: अनामत जमा.

रुमाल तिनं पुन्हा बांधला, एकच गाठ, घट्ट.
आईची उंची विचारली
तर स्वतःच्या खांद्याला हात लावून दाखवली,
मग हात थोडा खाली आणला: "आता एवढीच."
मी चारही पायांच्या खिट्या
दोन घरं खाली घेतल्या. टक, टक.

पलीकडं गिरणी थांबली.
"कोण आजारी?"