परातीतला त्याचा कोपरा

गोल परातीला कोपरे नसतात हे मलाही कळतं,
पण आमच्या घरात प्रत्येकाला आपला एक आहे.
बिरामचा दाराजवळ, पाठ समुद्राला.
चाळीस वर्षं होड्यांच्या फळ्या ठोकून
तो त्याच जागी गुडघा मोडून बसत आला,
उजवा हात धुऊन.

सेंट-लुईच्या दवाखान्यात नर्स रोखाया म्हणाली,
त्यांचं ताट वेगळं करा.
तिने छापील कागद दिला, त्यावर एक वर्तुळ:
अर्ध्यात भाजी, पाव मासा, पाव भात.
कडेला काटा आणि सुरी,
आणि एक सफरचंद, कुणा दुसऱ्याच्या देशातलं.
मी कागद डोक्याच्या रुमालात खोचला.

निळ्या काठाची थाळी आणली बाजारातून.
दोन दिवस तो तिच्यात जेवला, भिंतीकडे तोंड करून.
भात मोजलेला. गाजरं मोजलेली.
साखर एकशे चाळीसवर उतरली
आणि परातीभोवती
कुणी कुणाशी बोललं नाही.
तिसऱ्या दिवशी त्या थाळीत
मी कोंबड्यांना दाणे टाकले.

आता गणित परातीतच मांडते.
तांदळाची कणी तीच, अकरा माणसांची,
टोमॅटोत शिजून लालभडक झालेली.
पण भरताना त्याच्या बाजूला आला
की माझा हात आखडतो.
तिथे थर उथळ,
ओहोटीला नदीच्या तोंडाशी असतं तेवढंच पाणी,
होडीचा तळ घासेल इतकं.
वर कोबीची अख्खी फोड, भेंड्या, कडू वांगं.
कसावा मुद्दाम पलीकडे, धाकट्या दिराच्या पुढ्यात,
त्याच्या पोटाचं तो पाहून घेईल.
मासा मी फोडते, मी वाटते,
तो मान माझ्या बोटांचा.
मोठा तुकडा दाराकडे सरकतो
तेव्हा सून हसते,
म्हणते, अजून जीव आहे म्हणायचा तुमचा.
मी म्हणते, जेव मुकाट्याने.

बिरामला कळतं.
तळ किती खाली आहे
हे होडीवाल्याच्या बोटांना सांगावं लागत नाही.
तो काही म्हणत नाही.

अडचण न्देलाची आहे. सात वर्षांची.
तिला वाटतं, आजोबांकडे भात कमी पडला.
ती आपल्या बाजूचा मूठभर ढकलते,
वर खरवडीचा कुरकुरीत पापुद्रा,
जो तिला सगळ्यात आवडतो
आणि त्यालाही.
याचं काय करायचं
ते वर्तुळाच्या कागदावर नाही.

वहीत लिहिते:
सोमवार. कणी, मासा. दुपारी चारला दोनशे एकतीस.
कारण: न्देला.
मंगळवार. बाजरीच्या कण्या, बाओबाबच्या पाल्याची भुकटी. एकशे साठ.
बुधवार. समुद्र खवळलेला, होड्या वाळूवर.
मासा नसला की भात फुगतो,
अकरा पोटांना काहीतरी लागतंच.
आकडा लिहिला, मग खोडला, मग पुन्हा लिहिला.
गुरुवार. शेजारी लग्न. पान कोरं.

संध्याकाळी निखाऱ्यावर चहा.
पहिला पेला कडू, दुसरा बरा, तिसरा नुसता पाक.
तो पहिला घेतो आणि जाळ्यांकडे निघतो.
तिसरा उंचावरून ओतला जातो, फेसाचा आवाज येतो,
तसा वाळूवरून परत येतो,
पेल्यावर नाक धरतो, जातो.
वासाला किती साखर असते, रोखाया?

काल न्देलाने पुन्हा खरवड ढकलली.
त्याने ती मोडली.
एक तुकडा, नखाएवढा, जिभेवर ठेवला,
डोळे मिटून.
उरलेला सगळा, परातीच्या मधून,
माझ्या कोपऱ्यात सरकवला.
मी खाल्ला. कडकड वाजला.
गेल्या महिन्यापासून मला रात्री
तीनतीनदा तहान लागते.
माझं बोट अजून कुणी टोचून पाहिलेलं नाही.