सात मिलिमीटर

पहाटे तीनपासून जागी ठेवली होती तिला,
मीच सांगितलं होतं,
म्हणजे इथं आल्यावर झोपेल.
गुलटेकडीहून रिक्षानं आले तिघं.
स्वारगेटच्या सिग्नलला राजनंदिनी झोपली
आणि आमच्या दारात टक्क जागी.
नाव केवढं! वजन सहा किलो आठशे.
"सातशे ऐंशी," बाप म्हणाला.
भुसार बाजारात तोलणार आहे तो,
काटा नंतर बघतो, आधी हाताला कळतं.

झोपेचं औषध गोड असतं, तरी अर्धं थुंकली.
मग दिवा मालवून, एसी बंद करून
जेलची बाटली काखेत धरून बसले मी,
अंड्यावरच्या कोंबडीसारखी,
पोरीला गार लागू नये म्हणून.

पडद्यावर हृदय उलटं उभं राहतं, टोक वर.
पहिल्या वर्षी मी मान वाकडी करून बघायचे.
आता घरी ढोबळी मिरची चिरली तरी
आधी कप्पे मोजते.

रंग लावला.
"निळं म्हणजे खराब रक्त ना?" आई कुजबुजली.
सगळेच विचारतात. शाळेच्या पुस्तकात तसंच असतं.
नाही हो.
लाल म्हणजे माझ्या हाताकडे येणारं,
निळं म्हणजे हातापासून लांब जाणारं.
एवढंच.
रक्ताला काय माहीत, मी कुठं बसलेय.

आणि मधल्या भिंतीत ते:
नळाच्या तोंडाशी बोट दाबल्यावर उडतं ना पाणी,
तसं, हिरवं-पिवळं,
डावीकडून उजवीकडे,
एकही ठोका न चुकवता.
म्हणून दूध पिताना कपाळाला घाम.
म्हणून दीड वर्षाची, आणि हे वजन.

दोन फुल्या ठेवल्या, रेघ ओढली. सात मिलिमीटर.
दुसऱ्या बाजूनं मोजलं. सात.
मला मोजायची परवानगी आहे,
सांगायची नाही.
"डॉक्टर बोलतील," म्हणाले,
पण आकडा त्यानं वाचला होता.
दिवसभर आकडेच तर वाचतो.

शर्टाच्या खिशातलं टेबलावर सांडलं:
दोन मूग, एक तूर, गव्हाचा मोडका दाणा, हरभरा.
माझी पट्टी मागून घेतली,
एकेक दाणा तिच्याकडेनं सरकवत गेला.
मूग नाही. तूरही नाही.
हरभऱ्यावर थांबला. देशी, लहानातला.
"एवढं?"
मी मान हलवली. नियमाला चुकलेच.
"एवढं बुजतंय गं," तो म्हणाला,
बायकोला. मला नाही.

गुरुवारी छाती उघडतील.
चौदा वर्षांत एकही हृदय
प्रत्यक्ष पाहिलेलं नाही मी,
नुसते परत आलेले आवाज.
त्यावर विसंबून कुणीतरी सुरी हातात घेणार.
भोकाची जागा लिहिली, कड लिहिली,
झडपेपासूनचं अंतर लिहिलं,
सहीआधी पुन्हा तिसऱ्यांदा पाहिलं.
सहा पूर्णांक नऊ.
सातच लिहिलं.

संध्याकाळी टेबल पुसताना हरभरा तिथंच.
बाकीचे दाणे त्यानं वेचून नेले होते,
हा विसरला, की ठेवला, कोण जाणे.
टाकवेना.
पेनांच्या डब्यात आहे,
शुक्रवारपर्यंत.