मादागास्करचं पत्र

जत्रेतला फुगेवाला हसनसाब
सायकलला सिलिंडर बांधून शाळेत आला.
म्हणाला, बाई, गॅस थोडाच उरलाय,
सत्तावीस होतील.
आम्ही अठ्ठावीस होतो.

घाडीबाईंनी नकाशावर छडी टेकली.
माघातला वारा पूर्वेचा,
चोर्ल्याचा घाट उतरला की समुद्र,
समुद्र ओलांडला की मादागास्कर.
ते नाव आम्ही दुपारपर्यंत
गूळशेंगांसारखं चघळत बसलो.

भरमूनं लिहिलं, आमच्या दोन म्हशी आहेत, तुमच्या किती?
शेवंतानं काजूचं बोंड काढलं, बी बाहेर लोंबणारी.
मी लिहिलं, माझा दात पडलाय. वरचा.

मग पत्ता. गाव नंदगड, तालुका खानापूर.
जिल्हा बाईंनी दोनदा लिहिला, दोनदा पुसला.
राज्यापाशी खडू थांबला.
फाट्यावरच्या पाटीचं डांबर
तेव्हा अजून ओलं होतं.
"भारत लिहा," म्हणाल्या,
"एवढ्या लांबून तेवढंच दिसतं."

फुगे सुटले. दोन चिंचेत अडकले,
एक कौलावर फुटला, कुत्रं भुंकत सुटलं.
बाकीचे कौलभट्टीच्या धुराड्यावरून वर गेले
आणि आमच्या डोळ्यांदेखत वळले.
समुद्राकडं पाठ करून
सरळ उगवतीला.

अठराव्या दिवशी कार्ड आलं.
कासाराच्या पेटीतल्यासारखी गोल गोल अक्षरं.
येत होती आम्हाला. पण आधी कोण वाचणार,
म्हणून सगळे गप्प.
पोस्टमन गुरुपादय्यानंच उंबऱ्यात उभं राहून वाचलं:
'नम्म होलदल्ली बिद्दित्तु.'
आमच्या रानात पडला होता, जोंधळ्यात.
चिठ्ठी अज्जाकडनं वाचून घेतली.
फुगा बुजगावण्याला बांधला,
दोन दिवस एक पाखरू आलं नाही.
आता मऊ पडलाय, दुसरा पाठवा.
मादागास्कर खानापूरच्या अलीकडं की पलीकडं?
माझा दात अजून पडला नाही. हलतोय.
ईरण्णा, बैलहोंगल.

उत्तराला मला आठवडा लागला.
दाताला तिकडं हल्लु म्हणतात.
हलतो म्हणून असेल, असं मला वाटलं.

बैलहोंगल बसनं दोन तासांवर.
मी अजून गेलेले नाही.

अठ्ठाविसावा फुगा धोंडिबाचा.
त्यानं तो तोंडानं फुगवला,
चिठ्ठी बांधली,
आणि दोरी धरून, धुळीतनं ओढत,
घरी घेऊन गेला.
त्यानं काय लिहिलं होतं,
ते आम्ही कुणी विचारलंच नाही.