सल्लागार

दिवसाला दोनशे पौंड, दुपारचं जेवण,
आणि पाठीवर माझं आडनाव चिकटवलेली घडीची खुर्ची.
गॅमन. स्पेलिंगमध्ये एक एम कमी आहे.
असू दे.

सकाळपासून मी चुका काढतोय.
टाय एवढे रुंद नव्हते.
जॅग्वार पांढरी नव्हती, बदामी होती,
आणि तिचं डावं दार आतून उघडायचं नाही.
खांद्यांत कापूस, हो, तो एवढाच असायचा.
दिग्दर्शिका तिशीची पोर, त्या साली जन्मलीही नव्हती,
वही मांडीवर घेऊन टिपत बसते:
"अजून काही, मिस्टर गॅमन?"

तिला ते दशक उतू जाताना हवंय.
म्हणून स्पेनचं हे ऊन, हा निळा तलाव,
शंभर बाटल्या शँपेन (आत जिंजर एल),
काचेच्या टेबलावर पिठीसाखरेच्या रेघा.
मी म्हटलं, आमच्या तलावाचा पंप
पहिल्याच उन्हाळ्यात बसला.
पाणी शेवाळलं. रात्रभर बेडूक.
गादीखाली नोटा, इतक्या की पाठ दुखायची,
आणि आम्ही बाहेर खुर्च्या टाकून बेडूक ऐकायचो,
आईनं डेप्टफर्डहून धाडलेली चहाची पुडी
पुरवून पुरवून वापरायचो.
हे तिनं लिहून घेतलं नाही.

मग मर्व आला.
म्हणजे लीड्सचा एक पोरगा, दात फारच सरळ,
लिननचा सूट, गळ्यात साखळी.
"तुमचा भाऊ हसायचा कसा?"
आधी नाकातून, मी म्हटलं,
आणि मग पाठीत कुणी धपका घातल्यासारखा, एकदम.
त्यानं करून दाखवलं.
मी गॉगल लावला.

पटकथेत मर्व तलावाकाठी मरतो,
सूर्य बुडताना. व्हायोलिन मागाहून भरणार आहेत.
तसा तो मेला कॅटफर्डला,
गालिच्यांच्या दुकानामागे, चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात,
हातात चिप्स, व्हिनेगरनं भिजलेला कागद,
एक बूट सापडलाच नाही.
"पडद्यावर फार लहान दिसेल ते," ती म्हणाली.
खरंय. लहानच होतं.

पहिल्या टेकला मी मान फिरवली.
तिसऱ्याला पाहिलं.
सातव्यापासून वाट बघायला लागलो, हा उठतो कधी.
आणि उठायचा की!
कोपर झाडत, "सॉरी, पाय चुकला,"
अकरा वेळा उठला माझा भाऊ.

चौऱ्याऐंशीव्या पानावर कुणी एक माल्टाचा माणूस
फोन करून कळवतो, मर्व आज कुठे आहे.
त्या नटाला जमलेलं नाही. डोळे उगाच बारीक करतो.
अशा वेळी डोळे बारीक होत नाहीत,
ते नाण्याची फट शोधत असतात.
बूथमध्ये मुताचा वास. बाहेर एक बाई,
एका हातानं बाबागाडी हलवत,
काचेवर टकटक करते, आवरा.
आणि बोलायची असतात दोनच वाक्यं.

"हा प्रसंग बरोबर आहे ना?" तिनं पेन्सिल वर धरून विचारलं.
हो, मी म्हटलं. असंच झालं.
फक्त नाणं आधी टाकायचं नसायचं तेव्हा.
आधी नंबर. पलीकडून "हॅलो" आलं,
पिप पिप वाजलं, की मग ढकलायचं.
मधे थोडा वेळ मिळायचा.

"कशाला?"

मी चहाच्या टेबलाकडे गेलो.
तिथे मर्व उभा, शर्टाला भोक,
हनुवटीवरचं रक्त जिभेनं चाटत.
"मक्याचा पाक आहे," म्हणाला, "चाखता?"
कागदी कप माझ्यापुढे धरून विचारलं, साखर किती.
मला नको असते.
तीन, मी म्हटलं.
त्याला तीन लागायची.