जसं आहे तसं

जाहिरातीत लिहिलं: गळाचा रॉड आणि जपानी रीळ, थोडं वापरलेलं.
थोडं म्हणजे एकोणीस वर्षं,
पण जागा दोन ओळींचीच होती.
फोटो खिडकीकडून काढला,
शेंड्याजवळचा सांधा भिंतीच्या बाजूला.
तिथं लाल दोरा गुंडाळलाय,
वर हिच्या नेलपॉलिशचे तीन हात.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.
कुणी विचारलं नाही.

अठ्ठावीसशेला गेलं.
तौसीफ मलेक, राहणार पादरा,
केमिकलच्या कारखान्यात रात्रपाळी.
सकाळी परस्पर मांजलपूरला आला,
जिन्यातच रॉड दोनदा हवेत फिरवला
तेव्हा समोरच्या शाहांचं तोरण लागलं,
गळ नसतानाही.
नोटा मोजून दिल्या. पाणी नको म्हणाला.

चौथ्या दिवशी निरोप:
टिपणीसकाका, हँडल फिरवलं की आवाज येतो.
कसला?
कट कट.
मी लिहिलं, माझ्याकडं येत नव्हता.
आणि हे मी खोटं लिहिलं नव्हतं.

मग शेंड्याचा फोटो आला, नेलपॉलिश खरवडून.
मग, काका, आ तो चीटिंग छे.
बँकेच्या वसुली खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस मी,
जप्तीच्या ट्रॅक्टरांच्या लिलावाचं कलम तोंडपाठ.
तेच पाठवलं: जसं आहे तसं, जिथं आहे तिथं.
तो म्हणाला, तीनशे परत करा.
मी म्हणालो, शंभर.
तो म्हणाला, पोलिसात जाईन.
मी म्हणालो, जा, माझा आत्तेभाऊ रावपुरा ठाण्याशेजारी असतो.
शेजारी राहतो, एवढंच.
त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे.

पोळी लाटता लाटता ही म्हणाली,
तीनशेसाठी?
तीनशेसाठी नाही, तत्त्वासाठी.
मग नेलपॉलिश माझं होतं,
तत्त्वातला माझा वाटा वेगळा काढून ठेवा.

रविवारी त्यानं व्हिडिओ पाठवला. बावीस सेकंद.
चेहरा नाही. मनगट, रीळ, मागं एक कोंबडी.
कट कट. कट. कट कट.
इअरफोन लावून ऐकला.
गच्चीवर जाऊन पुन्हा ऐकला.

आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही,
तसा हा आवाज एकोणीस वर्षं मला आला नव्हता.
आता आला आणि त्याच्यामागून
सिंधरोटला उतरलेली मही,
वाळूत रुतलेली चप्पल,
कणकेत हिंग मळत बसलेला सदू घोरपडे,
जो मासा लागेपर्यंत बोलायचा नाही
आणि लागल्यावर थांबायचा नाही.
गुडघे गेले म्हणून रॉड विकला, हे खरं.
सदू गेला म्हणून, हेही लिहायला
त्या दोन ओळींत जागा नव्हती.

रात्री साडेअकराला मी लिहिलं:
तीनशे कशाला, पूर्ण अठ्ठावीसशे घे.
उद्या पादऱ्याला येतो, रीळ परत दे.
रॉड तुझ्याकडंच राहू दे हवा तर.

तो टाइप करतोय, असं दिसलं.
थांबलं. पुन्हा दिसलं.
बहुतेक पाळीवर असावा.
मग आलं: रीळ नहीं आपुं, काका.
मग फोटो: तलावाच्या पायरीवर रोहू,
शेजारी मापाला ठेवलेला त्याचा बूट,
आणि रॉडच्या शेंड्यावर हिरवा दोरा,
माझ्यापेक्षा सुबक गुंडाळलेला.
आवाज?
आवाज छे, त्यानं लिहिलं. चालशे.
मग, थोड्या वेळानं: त्रणसो मोकलो.

आता मोबाइलवर तीन आणि दोन शून्यं टाकून बसलोय.
पैसे पाठवायच्या त्या चौकटीत खाली
कशासाठी, असा एक रकाना असतो.
दंड लिहून खोडलं.
दुरुस्ती लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी हिला विचारलं, काय लिहू?
दिवा मालवत ही म्हणाली,
नेलपॉलिश.