चाळीस किरणं

फातोर्ड्याच्या मैदानावर त्या संध्याकाळी
कोण किती गोलांनी हरलं, याची नोंद कुठेच नाही.
मी शोधली.
मैत्रीचा सामना, गवत अजून पावसाने चिकट,
आणि तिकिटांवर देशाचं नावही चुकलेलं.
नाव नवंच होतं, म्हणा.
छापणाऱ्यालाही सवय नव्हती.

मला आठवते ती आदल्या दिवशीची दुपार:
मडगावात, मासळी बाजारामागे,
'आर. एन. शिरसाट, टेलर' या पाटीखाली
दोन उंच माणसं वाकून आत आली.
एक त्यांचा मॅनेजर, बाक्तिबेक.
दुसरा रायतूरचा इनास, मॉस्कोत कधीकाळी
इंजिनियर झालेला, आता दुभाष्या.
गाठोडं सोडलं. सोळा लाल जर्सी,
छातीवर पांढरी चार अक्षरं,
मोडून पडलेल्या मोठ्या घराची.
'ही काढा,' इनास म्हणाला,
'आणि त्या जागी सूर्य लावा.'

बाबांनी कात्री नाही, ब्लेड घेतलं.
एकसष्टच्या डिसेंबरात, उमेदवारी करताना,
त्यांनी पोलिसांच्या बाह्यांवरची पोर्तुगीज ढाल
अशीच उसवली होती, एकेक टाका.
'कापड ओढायचं नाही,' मला म्हणाले,
'ज्याने शिवलं त्याच्यावर राग काढल्यासारखं होतं.'
अक्षरं निघाली.
भोकं राहिली, ओळीने, वाचता येतील अशी.

बाक्तिबेकने सिगारेटच्या पाकिटावर सूर्य काढला.
मधोमध आडवेतिडवे बाक:
तंबूचं छत, आत उताणं पडून पाहिल्यावर दिसतं तसं.
भोवती चाळीस किरणं, चाळीस टोळ्यांची.
बोलता बोलता सांगून टाकलं सगळं:
पहिला सामना शेजाऱ्यांशी, ताश्कंदला,
तीन गोल खाल्ले, एकही दिला नाही.
राजधानीचं नाव बदललं, रुबल बदलला,
चांगले पाय मिळतील तिथे निघून गेले.
'आणि तरी?' बाबांनी विचारलं.
'तरी अकरा जमतात,' तो म्हणाला.

सोळा गुणिले चाळीस.
सहाशे चाळीस किरणं, एका रात्रीत!
मी चौदा वर्षांची. साखळी टाका मला येत होता.
शेजारची सुलक्षा आली, तिची आत्या आली,
फुलं विकणारी पास्कोएला आली चष्मा घेऊन.
पहाटे दोनला झेंडूपिवळा दोरा संपला
आणि गोलकीपरच्या सूर्याला
तेवीसच किरणं झाली होती.

त्याने मोजली. विक्तर त्याचं नाव,
आजोबा जर्मन, गाडीत कोंबून तिकडे पाठवलेले.
मी मान खाली घातली.
तो हसला, इनासने मराठीत आणलं:
'सतरा टोळ्या अजून वाटेत आहेत.'
मग हळूच: 'माझी तर चाळिसांतही नाही.'

*

दुकान आता माझं.
शाळेचे गणवेश, लीगचे नंबर, झिप बदलून देणे.
एकोणीसच्या जानेवारीत टीव्हीवर तो लाल रंग दिसला,
आशिया चषकात पहिल्यांदाच.
चीनसमोर त्यांच्या गोलकीपरने
बॉल स्वतःच्याच जाळ्यात ढकलला
आणि मी सुई तशीच धरून राहिले.
पुढे फिलिपिन्सला तीन गोल घातले,
मग जादा वेळेत एका पेनल्टीने घरी गेले.
गिऱ्हाईक विचारत होतं, ताई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?

परवा ऐकलं, झेंडाही बदलला.
किरणं नागमोडी होती, ती सरळ केली;
म्हणे सूर्यफुलासारखी दिसत.
म्हणजे तिकडे कुणीतरी
परत उसवत बसलं असणार.

बिस्किटांच्या डब्यात बाबांनी ती अक्षरं ठेवलेली.
तीनदा सोळा, अठ्ठेचाळीस 'सी',
ओतल्या की फुटक्या बांगड्यांसारख्या वाजायला हव्यात असं वाटतं,
वाजत नाहीत, कापड आहे.
मोजल्या तर सत्तेचाळीसच भरतात.
एक विक्तरने मागून नेली होती,
मोज्यात घातली.
कशाला, ते इनासनेही विचारलं नाही.